ॲना मे वाँगवरचा माहितीपट: तिच्या वाट्याला आलेले नकार आणि तिने केलेले काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲना मे वाँग या हॉलिवूडमधल्या चिनी-अमेरिकी अभिनेत्रीच्या आयुष्यावर आणि कारकिर्दीवर पाऊण तासाचा माहितीपट करायचा आहे. वाचलेल्या साहित्यावरून तिचे आयुष्य म्हणजे अन्यायांची मालिका वाटते. तेव्हा ‘द गुड अर्थ’ या हॉलिवूडपटाची नायिका तिला करू दिली गेली नाही, हा प्रसंग मध्यवर्ती ठेवून मांडणी करावी का? आणि तिच्या निधनाला इतकी वर्षे झाल्यावर पडद्यावर नेमके दाखवायचे तरी काय?

चरित्रपर माहितीपटांच्या संकलनात माझी पंचविसाहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच पहिल्या भागाचे उत्तर आहे. नकाराचे चित्रीकरण कधीच उपलब्ध नसते. जी भूमिका मिळाली नाही तिचे रीळ कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही. त्यामुळे नकार मध्यवर्ती ठेवला की पडद्यावर उरतात ती हळूहळू जवळ येणारी स्थिरचित्रे, खाली उदास पियानो, आणि वर निवेदकाचा सहानुभूतीने भिजलेला आवाज. जिच्या कामाचे कितीतरी तास आजही पाहता येतात, त्या अभिनेत्रीचे चित्रपट मग चार-चार सेकंदांच्या तुकड्यांत निवेदनामागे पडद्यासारखे लटकतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका कलावतीवरचा माहितीपट नेमका असाच कापला होता. तो पाहून एका वृद्ध छायालेखकाने मला विचारले, “बाईंना अभिनय येत होता की नाही, हे तुमच्या चित्रपटावरून कसे कळायचे?” तेव्हापासून चरित्रपट हाती घेतला की मी आधी कामाची रिळे पाहतो आणि चरित्र नंतर वाचतो.

आयुष्याचा सांगाडा तुम्हाला ठाऊक असणारच, तरी मांडणीपुरता सांगतो. ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जन्म, मूळ नाव वाँग लिउ त्सोंग, वडिलांचा कपडे धुण्याचा व्यवसाय. १९१९ च्या ‘द रेड लँटर्न’मध्ये शेकडो एक्स्ट्रांच्या गर्दीत पहिले काम, १९२२ मध्ये सतराव्या वर्षी नायिका, १९२४ मध्ये ‘द थीफ ऑफ बगदाद’मुळे जगभर ओळख, १९२८ मध्ये युरोपला प्रस्थान, तिसाव्या दशकात हॉलिवूडमध्ये परत, १९३६ मध्ये चीनचा प्रवास, युद्धकाळात चीनच्या मदतकार्यात सहभाग, १९५१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आणि ३ फेब्रुवारी १९६१ रोजी सांता मोनिका येथे निधन. हा सांगाडा दीड-दोन मिनिटांत आटोपता येतो आणि तो तेवढ्यातच आटोपावा.

पहिल्या मिनिटातच एक चूक बहुतेक जण करतात. “हॉलिवूडची पहिली आशियाई अभिनेत्री” हे वाक्य निवेदनात घालू नका, कारण ते खरे नाही. जपानमध्ये जन्मलेली त्सुरु आओकी तिच्या कितीतरी आधी अमेरिकी मूकपटांत नायिका होती आणि तिचा पती सेशू हायाकावा हा तर पहिल्या महायुद्धाच्या काळातला मोठा तारा होता. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे मॅरियन वाँग या चिनी-अमेरिकी तरुणीने १९१६ च्या सुमारास ‘द कर्स ऑफ क्वॉन ग्वॉन’ हा चित्रपट स्वतः लिहून दिग्दर्शित केला होता. ॲना मे ही चिनी-अमेरिकी समाजातून आलेली पहिली मोठी चित्रतारका, असे म्हटले तर ते टिकते. ‘पहिली’ या शब्दाचा मोह आवरला तर आओकी आणि मॅरियन वाँग यांचाही उल्लेख होतो, आणि तिची वाट कुठून सुरू झाली हे प्रेक्षकाला अधिक स्पष्ट दिसते.

आता कामाकडे येतो. ‘द टोल ऑफ द सी’ हा १९२२ चा चित्रपट टेक्निकलरच्या दोनरंगी पद्धतीने चित्रित झालेला आहे. कथा ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेराच्या वळणाची: किनाऱ्याला लागलेल्या परक्या पुरुषावर प्रेम करणारी लोटस फ्लॉवर, त्याचे निघून जाणे, पुढे त्याचे गोऱ्या पत्नीसह परतणे, मुलाचा त्याग आणि समुद्र. कथा जुनाट आहे यात वाद नाही, आणि माहितीपट बहुधा एवढेच सांगून पुढे सरकतो. पण या चित्रपटात सतरा वर्षांची मुलगी काय करते ते पाहा. त्या पद्धतीत कॅमेऱ्यात आलेला प्रकाश दुभंगून लाल आणि हिरव्या अशा दोन नोंदी होत आणि त्यामुळे प्रखर प्रकाश लागे. अशा झोतात उभे राहून ती मूकपटातले हातवाऱ्यांचे नाट्य जवळजवळ बाजूला ठेवते आणि सारा भार डोळ्यांवर व श्वासावर टाकते. पती आपल्याला सोबत नेणार नाही हे तिला उमगते त्या प्रसंगात चेहऱ्यावरचे हसू उतरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. तो शॉट मध्येच कापला तर उरते फक्त रडणारी मुलगी. पूर्ण ठेवला तर एक अभिनेत्री दिसते.

याच चित्रपटाबाबत दोन तांत्रिक गोष्टी. या पद्धतीत खरा निळा रंग नोंदलाच जात नसे, म्हणून त्यातला समुद्र हिरवटच दिसतो. रंगसंस्कार करणारा उत्साही तंत्रज्ञ तो ‘सुधारून’ निळा करू पाहील, त्याला वेळीच थांबवा. दुसरी गोष्ट शेवटाची. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय अभिलेखागाराने, म्हणजे यूसीएलएने, हा चित्रपट मूळ निगेटिव्हवरून पुन्हा उभा केला तेव्हा अखेरचा भाग नष्ट झालेला होता. म्हणून जुन्या दोनरंगी कॅमेऱ्यानेच पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सूर्यास्त नव्याने चित्रित करून तो जोडण्यात आला. म्हणजे आज आपण पाहतो त्या शेवटच्या लाटा १९२२ च्या नाहीत. तुमच्या माहितीपटात त्या वापरायच्या असतील, आणि वापराव्यात असे मला वाटते, तर पडद्यावर एका ओळीत हे नमूद करा. प्रेक्षकाला अशी ओळ खटकत नाही. ती नसली, आणि नंतर त्याला खरे कळले, तर मात्र तुमच्या बाकीच्या पुराव्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

माझ्या मते तुमच्या माहितीपटाचा कणा ‘पिकॅडिली’ हा असावा. ई. ए. द्यूपाँ यांनी १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये केलेला हा मूकपट. श्रेयनामावलीत अग्रस्थान गिल्डा ग्रे हिला आहे, पण चित्रपट शोशो या भांडी घासणाऱ्या मुलीचा आहे आणि ती ॲना मे आहे. एका नाइट क्लबमध्ये ताट अस्वच्छ असल्याची तक्रार होते (तक्रार करणारे गिऱ्हाईक म्हणजे तरुण चार्ल्स लॉटन), मालक मोरीपर्यंत उतरतो आणि तिथे शोशो टेबलावर चढून नाचत असते. बाकीच्या बायका काम टाकून पाहत राहिलेल्या असतात. हा नाच पाहताना लक्षात घ्या की त्यात पदन्यास असा फारसा नाहीच. ती जवळजवळ जागच्या जागी डोलते आणि पाहणाऱ्यांकडे तिचे मुळीच लक्ष नसते. पुढे ती क्लबच्या रंगमंचावर नाचते तेव्हा तीच हालचाल आता पाहणाऱ्यांच्या जाणिवेसह येते. हे दोन नाच निवेदनाशिवाय एकापाठोपाठ ठेवा. तिची समज, तिचा ताबा, कॅमेऱ्यापुढे किती द्यायचे आणि किती राखून ठेवायचे याचा तिचा अंदाज, सगळे त्या दोन तुकड्यांत आहे. कोणत्याही समीक्षकाची मुलाखत ते इतक्या नेमकेपणाने सांगू शकणार नाही.

त्याच चित्रपटात शोशो नर्तिकेच्या करारावर सही करते ती चिनी लिपीत, आणि ती सही पात्राच्या नावाची नसून अभिनेत्रीच्या स्वतःच्या चिनी नावाची आहे. १९२९ च्या ब्रिटिश प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ते वाचता आले असेल. चौकट क्षणभर थांबवून ती अक्षरे वाचून दाखवायला हरकत नाही. एरवी मी थांबवलेल्या चौकटींच्या विरोधात असतो, पण इथे ते रास्त आहे.

सहीवरून कागदांकडे वळता येते, आणि अन्यायाची बाजू कशी दाखवावी याचे उत्तर मला कागदांतच दिसते. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याखाली चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेश बंद झाला होता आणि हा कायदा १९४३ पर्यंत रद्द झाला नव्हता. ॲना मे लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, तिचे वडीलही कॅलिफोर्नियातच जन्मलेले, म्हणजे ती जन्मानेच नागरिक. तरीही परदेशी जाऊन परत यायचे असेल तर तिला निघण्यापूर्वी स्थलांतर खात्याकडे ‘फॉर्म ४३०’ भरावा लागे. त्या छापील अर्जाच्या शीर्षकातच, चिनी वंशाच्या ‘कथित’ अमेरिकी नागरिकाच्या दर्जाची पूर्वतपासणी, अशा अर्थाचे शब्द आहेत. तिची अशी कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जगप्रसिद्ध चेहऱ्याचे छायाचित्र त्या अर्जाला चिकटवलेले आहे. हा कागद आठ-दहा सेकंद शांतपणे पडद्यावर राहू द्या आणि निवेदकाला ‘दुर्दैवाने’, ‘क्रूर नियतीने’ असले शब्द म्हणू देऊ नका. ‘कथित’ या एका छापील शब्दापुढे त्या विशेषणांची गरज उरत नाही.

युरोपातल्या काळाबद्दल आणखी एक धागा आवाजाचा आहे आणि तो सहसा सुटतो. १९२९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर तिने ‘द सर्कल ऑफ चॉक’ या नाटकात काम केले, सोबत तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए होता. समीक्षकांना तिचे अमेरिकी उच्चार खटकले. तिने त्यावर पैसे खर्च करून शिकवणी लावली आणि आवाज घडवला. लगेच १९३० मध्ये तिचा पहिला बोलपट इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तीन आवृत्त्यांत निघाला आणि तिन्हींत ती स्वतः बोलली. तेव्हा डबिंगची सोय रुळलेली नसल्याने एकच चित्रपट निरनिराळ्या भाषांत पुन्हापुन्हा चित्रित करण्याची पद्धत होती. बहुतेक वेळा भाषेगणिक नट बदलत, ही बदलली नाही. मूकपटातले किती तारे आवाजापायी बुडाले, हे सर्वांना ठाऊक असते. हिने एका चित्रपटासाठी तीन भाषांची तयारी केली, ही गोष्ट मात्र एका वाक्यात उरकली जाते.

त्या आवाजाचे फळ ‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये (१९३२) ऐकू येते. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचे दिग्दर्शन, ली गार्म्स यांना छायालेखनाचे ऑस्कर मिळवून देणारा प्रकाश, आणि तो सगळा नायिका मार्लेन डीट्रिखच्या चेहऱ्यासाठी रचलेला. हुई फेई ही वाँगची भूमिका संवादांच्या हिशेबाने लहान आहे. रेल्वेच्या डब्यात ती पत्ते लावत बसलेली असते. बोर्डिंग चालवणारी एक सोवळी बाई तिला आणि डीट्रिखला आपल्या घराच्या प्रतिष्ठेविषयी ऐकवते, तेव्हा वाँग खालच्या पट्टीत, जराही घाई न करता, एका वाक्यात तिला गार करते. डीट्रिख चौकटीत असताना दुसरीकडे पाहावेसे वाटणे ही साधी गोष्ट नाही, आणि तरी डब्यातल्या दृश्यांत नजर वारंवार वाँगकडे जाते, कारण ती काहीच करत नाही आणि ते न करणे तिने पक्के बसवलेले आहे. प्रशिक्षणार्थींना मी हे दृश्य एकदा आवाज बंद ठेवून आणि एकदा चित्र झाकून, असे दोन वेळा दाखवतो.

आता ‘द गुड अर्थ’. हा प्रसंग वगळा असे मी म्हणत नाही. तो दोन-तीन मिनिटांचा आहे, पंधरा मिनिटांचा नाही, इतकेच माझे म्हणणे आहे. चिनी शेतकरी कुटुंबाची कथा, एमजीएम स्टुडिओची निर्मिती, नायक गोरा नट पॉल म्यूनी. १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ च्या मध्यापासून कडकपणे राबवली गेलेली निर्मितिसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे याची हॉलिवूडची नियमावली, भिन्न वंशांतील शरीरसंबंध पडद्यावर दाखवू देत नव्हती. तिच्या मजकुरात गोरे आणि काळे यांचाच उल्लेख होता, पण व्यवहारात स्टुडिओ ती आशियाई कलाकारांनाही लावत. गोरा नट चिनी पुरुष झाला की त्याची पत्नीही गोऱ्या नटीनेच करायची, असा हा तर्क. ओ-लान ही नायिकेची भूमिका लुईज रायनरकडे गेली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळाले. लोटस ही खलछटेची उपपत्नी टिली लॉश हिने केली. वाँगने त्या चित्रपटात काम केले नाही. स्टुडिओच्या कचेरीत काय संवाद झाला असेल याचे नाट्यरूपांतर करू नका. संहितेची छापील ओळ, भूमिकावाटपाचा तक्ता आणि प्रदर्शनाचे वर्ष १९३७, एवढे पुरते.

आणि मग त्याच १९३७ मध्ये ती काय करत होती, ते दाखवा. ‘डॉटर ऑफ शांघाय’ हा तासाभराचा, कमी खर्चाचा चित्रपट. त्यात ती आणि कोरियन-अमेरिकी नट फिलिप आन हे दोघे नायक-नायिका आहेत, दोघेही बुद्धिमान आणि धाडसी. चित्रपटाच्या शेवटी त्यांच्या लग्नाची बोलणी होतात, म्हणजे संहितेच्या तर्कानेच ही जोडी शक्य झाली. २००६ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. १९३९ च्या ‘किंग ऑफ चायनाटाउन’मध्ये ती शल्यविशारद आहे. हे दुय्यम दर्जाचे चित्रपट म्हणून गाळले जातात आणि मग “तिला फक्त कारस्थानी स्त्रियाच मिळाल्या” असे निवेदन लिहिले जाते, जे अर्धेच खरे आहे.

चीनच्या प्रवासाबद्दल मात्र हात सैल सोडा, कारण इथे तुम्हाला जे मिळते ते चरित्रपटात क्वचितच मिळते. १९३६ च्या आरंभी ती चीनला निघाली. प्रवासाचे लेख तिने न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड ट्रिब्यून’साठी लिहिले आणि सोबत चित्रीकरणही करवून घेतले. कॅमेरामन होता एच. एस. ‘न्यूजरील’ वाँग, ज्याने पुढच्याच वर्षी शांघायच्या बॉम्बहल्ल्यानंतर रेल्वेस्थानकात रडणाऱ्या बाळाचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले. या प्रवासात तिचे स्वागत झाले तसेच चीनची बदनामी करणाऱ्या भूमिका केल्याबद्दल तिला तोंडावर बोलही ऐकावे लागले. अमेरिकेत ती परकी, चीनमध्येही परकी, हे वाक्य इथे तुमच्या निवेदकाच्या जिभेवर येईल. ते टाळा, कारण चित्रे अधिक गुंतागुंतीची आहेत. ती शिंप्याकडे कापड निवडते, नाट्यकलेविषयी जाणून घेते, भाषा शिकते, वडिलांच्या पूर्वजांच्या गावी जाते. वेशभूषा, चाल, बसणे यांचा अभ्यास करणारी एक व्यावसायिक अभिनेत्री तिथे दिसते.

या चित्रफितीचे खरे मोल पुढे आहे. १९५७ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘बोल्ड जर्नी’ या प्रवासविषयक कार्यक्रमात ती दाखवली गेली आणि स्वतः ॲना मेने तिच्यावर बोलून निवेदन केले. म्हणजे बावन्न वर्षांची बाई एकतीस वर्षांच्या स्वतःकडे पाहून बोलते आहे. मुलाखत घेता येत नाही याची तुम्हाला खंत आहे ना? ही मुलाखतच आहे. याच्या उलट, १९५१ मध्ये ड्यूमाँट वाहिनीवर तिला नायिका म्हणून घेऊन कलावस्तूंच्या व्यापारी स्त्रीची जी रहस्यमालिका झाली, तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही. आशियाई-अमेरिकी कलावंताला केंद्रस्थानी ठेवणारी ती अमेरिकी दूरचित्रवाणीवरची पहिली मालिका. तिथे काळा पडदा, मालिकेचे नाव आणि वर्ष ठेवा. दुसऱ्या कुठल्या चित्रपटातले तुकडे जोडून ती पोकळी झाकू नका.

हक्कांविषयी थोडक्यात. अमेरिकेत त्या काळचे चित्रपट प्रकाशनापासून ९५ वर्षांनी मुक्त होतात, त्यामुळे तिचे १९२९ पर्यंतचे मूकपट तिथे आता मोकळे आहेत. ‘शांघाय एक्स्प्रेस’ मात्र २०२७ अखेरपर्यंत संरक्षित आहे आणि पॅरामाउंटच्या त्या काळातल्या बोलपटांचे हक्क युनिव्हर्सलकडे आहेत, हे पत्रव्यवहारापूर्वी ध्यानात घ्या. युरोपात हिशेब लेखक-दिग्दर्शकांच्या मृत्यूपासून ७० वर्षांचा असतो. शिवाय चित्रपट मुक्त असला तरी संस्थेने जपलेली उत्तम प्रत वापरण्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते, आणि ते द्यावे. इंटरनेटवरच्या धूसर प्रतीत तिचे डोळेच दिसत नाहीत. मूकपटांचा वेगही तपासून घ्या. मूळ चित्रीकरण सेकंदाला २४ चौकटींपेक्षा कमी वेगाचे असेल आणि ते सरसकट २४ ने चालवले, तर तिचे ते सावकाश उतरणारे हसू टुणकन उडी मारते.

कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी तिची काढलेली छायाचित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. त्यांचा साठा मोठा आहे, म्हणून मोहही मोठा. पाऊण तासात सहा-सातच्या वर घेऊ नका. शेवटी २०२२ चे पाव डॉलरचे नाणे दाखवण्याची कल्पना तुमच्याही मनात असेल. अमेरिकी नाण्यावर आलेली ती पहिली आशियाई-अमेरिकी व्यक्ती आहे आणि ती वस्तुस्थिती माहितीपटात हवीच, पण ती आरंभी सांगून टाकावी असे मी सुचवेन. शेवटी नाणे ठेवले की सरकारी गौरवाने हिशेब चुकता झाल्यासारखे वाटते.

पहिले कच्चे संकलन करताना सर्व निवेदन काढून ठेवा आणि फक्त ‘टोल ऑफ द सी’मधला तो निरोप, ‘पिकॅडिली’चे दोन नाच, करारावरची सही, फॉर्म ४३०, रेल्वेचा डबा, ‘डॉटर ऑफ शांघाय’चा एखादा प्रसंग आणि १९५७ चे तिचे बोलणे एवढेच कालक्रमाने जोडून पाहा. जिथे समजायला अडते, तिथेच निवेदनाचे वाक्य लिहा. माझा अंदाज आहे की तुम्हाला वीसेक वाक्यांपेक्षा जास्त लागणार नाहीत, आणि ‘द गुड अर्थ’ची तीन मिनिटे सही आणि अर्ज यांच्या बरीच नंतर, रेल्वेच्या डब्यानंतर आपोआप आपल्या जागी बसतील.